जॉर्ज सँड आणि मारी दोर्व्हाल यांची पत्रे : अभिवाचनात काय घ्यावे, आणि ‘तुम्ही’ की ‘तू’?

गिरगावची वाचक

नमस्कार. गिरगाव, दादर आणि परळ भागात राहणाऱ्या आम्ही सहा जणी गेली चार वर्षे महिन्यातल्या एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो आणि एखाद्या पत्रव्यवहाराचे अभिवाचन करतो. या खेपेस आम्ही फ्रेंच लेखिका जॉर्ज सँड आणि तिची रंगभूमीवरची मैत्रीण मारी दोर्व्हाल यांची पत्रे घेतली आहेत. आमच्यातली एकजण फ्रेंच शिकलेली आहे. ती मूळ पत्रांचा कच्चा तर्जुमा करते आणि बाकीच्या आम्ही तो मोठ्याने वाचता येईल अशा मराठीत बसवतो.

ज्यांना या दोघींची फारशी माहिती नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. सँडचा जन्म १८०४ चा, दोर्व्हालचा १७९८ चा. सँड थोरामोठ्यांच्या नात्यागोत्यात आणि आजीच्या वाड्यात वाढलेली, तर दोर्व्हाल गावोगाव फिरणाऱ्या नटांच्या पोटी लोरियाँ या बंदरात जन्मलेली आणि लहानपणापासून रंगमंचावर उभी राहिलेली. १८३२ मध्ये ‘इंदियाना’ ही कादंबरी जॉर्ज सँड या पुरुषी नावाने प्रसिद्ध झाली आणि लेखिकेचा एकदम बोलबाला झाला. दोर्व्हाल त्या वेळी पॅरिसच्या पोर्त-सँ-मार्तँ नाटकगृहाची लाडकी नटी होती. तिचे काम पाहून सँड इतकी भारावली की ओळखदेख नसताना तिने तिला पत्र लिहिले. उत्तराच्या पत्राची वाट पाहावी लागलीच नाही. दोर्व्हाल स्वतःच धावत तिच्या घरी आली आणि तिने तिला मिठी मारली. सँडने पुढे आत्मचरित्रात हा प्रसंग सविस्तर लिहिला आहे. दोर्व्हालने येण्याचे जे कारण सांगितले ते मला फार मोलाचे वाटते. तरुणपणी, आपले नाव कोणालाही ठाऊक नसताना, तिने स्वतः माद्‌म्वाझेल मार्स या त्या काळच्या थोर अभिनेत्रीला असेच पत्र लिहिले होते आणि तिच्याकडून तिला थंड वागणूक मिळाली होती. सँडचे पत्र वाचताना तिला आपले ते जुने पत्र आठवले.

आता आमचे प्रश्न सांगते. पहिला संबोधनाचा आहे. १८३३ च्या जानेवारीतल्या पत्रात सँड दोर्व्हालला ‘व्हू’ म्हणते, म्हणजे आपले ‘तुम्ही’. आमच्यातल्या दोघींचे म्हणणे असे की इतक्या उत्कट मजकुरात ‘तुम्ही’ कानाला परके वाटते, तेव्हा सरसकट ‘तू’ करावे. एकीने ‘मारीताई’ असेही सुचवले, कारण वयाने सहा वर्षांनी मोठ्या आणि नावारूपाला आलेल्या नटीला मुंबईतली कोणीही मराठी लेखिका नुसत्या नावाने हाक मारणार नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. कवी आल्फ्रेद द व्हिन्यी हा दोर्व्हालचा प्रियकर होता. सँडच्या एका पत्रावर त्याने असा शेरा लिहून ठेवला की मारीला त्रास देणाऱ्या या सॅफोला उत्तर देण्याची मी मारीला मनाई केली आहे. सॅफो ही प्राचीन ग्रीक कवयित्री, आणि तिचे नाव घेण्यामागचा त्याचा रोख सरळ आहे. हा शेरा आम्ही वाचावा की गाळावा? वाचला तर श्रोत्यांचे सगळे लक्ष तिथेच अडकेल, अशी मला भीती वाटते. गाळला तर आपण काहीतरी लपवल्यासारखे होईल.

तिसरा प्रश्न असा की आमच्या हातात जे आहे त्यातला सगळ्यात चांगला भाग १८३३ च्या एका वर्षातला आहे, पण मैत्री तर १८४९ मध्ये दोर्व्हालचा मृत्यू होईपर्यंत टिकली. एका तासात या सोळा वर्षांचे काय करायचे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पार्ल्याची शिक्षिका

मी फ्रेंच शिकवते, त्यामुळे आधी भाषेबद्दल लिहिते. तुम्ही ज्या पत्राचा उल्लेख केला आहे ते मी वर्गात अनेकदा वाचून दाखवले आहे आणि दर वेळी त्यात नवे काही हाताला लागते.

‘तुम्ही’ बदलू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या पत्राची सगळी ताकद त्या ‘तुम्ही’मध्ये आहे. अट्ठावीस वर्षांची एक स्त्री, जिला अजून पुरती ओळख न झालेल्या दुसऱ्या स्त्रीला आपले मन उघडे करून दाखवायचे आहे, ती दारातच थबकून विचारते आहे की मी आत येऊ का. तिथे ‘तू’ घातले की ती आधीच आत येऊन बसलेली असते आणि मग प्रश्न विचारण्यात काही अर्थ उरत नाही. मराठीत आपल्याला या दोन सर्वनामांची सोय आयती मिळाली आहे. पुढच्या एखाद्या पत्रात मूळ मजकूर ‘त्यु’वर आला की तुमच्या वाचनातही त्याच ठिकाणी ‘तू’ येऊ द्या. श्रोत्यांना तो बदल कोणी समजावून सांगावा लागणार नाही. ‘ताई’ मात्र नको. ‘ताई’ म्हटले की नाते आधीच ठरून जाते, आणि हे नाते काय आहे ते अजून आपल्यापैकी दोघींनाही माहीत नाही, असे सँड त्याच पत्रात स्वतः सांगते.

आता पहिल्याच वाक्याकडे या. सँड विचारते की तुम्ही मला ‘स्युपोर्ते’ करू शकाल का. शब्दकोशात पाहिले तर ‘सहन करणे’ मिळेल, पण ‘तुम्ही मला सहन करू शकाल का’ हे मराठीत तक्रारीसारखे वाटते, जणू काही भांडणानंतर विचारले आहे. ‘तुम्हाला माझा सहवास सोसेल का’ हे अर्थाने जवळ जाते, पण ते छापील वाटते. मी वर्गात ‘तुम्ही मला सांभाळून घ्याल का’ असे करते. त्यात स्वतःच्या उणिवांची कबुली आहे आणि समोरच्यावर टाकलेला विश्वासही आहे.

त्यापुढे ती स्वतःला ‘अस्वल’ म्हणते. कृपा करून अस्वल ठेवू नका. फ्रेंचमध्ये अस्वल म्हणजे चारचौघांत न मिसळणारा माणूस. आपल्याकडे अस्वल म्हटले की मदारी आणि केस डोळ्यांपुढे येतात. ‘मी इतकी माणूसघाणी आहे’ हे सरळ आणि बरोबर आहे. मग ती म्हणते की मोठ्याने विचार करायला मला फार वेळ लागतो, आणि हृदय जेव्हा सर्वांत भरून आलेले असते तेव्हाच मी अवघडते आणि मुकी होते. या ओळीतली विशेषणे नीट पाहा. ‘लांत’ म्हणजे मंद आणि ‘म्युएत’ म्हणजे मुकी, ही दोन्ही स्त्रीलिंगी रूपे आहेत. पुरुषी नावाने लिहिणारी, पुढे ‘एका प्रवाशाची पत्रे’ या पुस्तकात स्वतःविषयी पुल्लिंगात बोलणारी ही लेखिका दोर्व्हालपुढे स्त्रीलिंगात बोलते. मराठीत तर ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांतून सुटकाच नाही, त्यामुळे तुमच्यापुढे हा निर्णय प्रत्येक वाक्यात येईल. मूळ पत्र जिथे जे रूप वापरते तिथे तेच ठेवा.

शेवटच्या ओळीत एक खरा पेच आहे. काहीही झाले तरी आज रात्री मी तुम्हाला ‘पाहीन’ असे ती लिहिते. फ्रेंच क्रियापद एकच आहे. त्याचा अर्थ भेटणे असाही होतो आणि पाहणे असाही. नटीला लिहिलेल्या पत्रात या दोन अर्थांमध्ये किती अंतर असते ते तुम्हाला सांगायला नको. ‘भेटेन’ म्हटले की रंगपटातली भेट होते, ‘पाहीन’ म्हटले की प्रेक्षागृहातली खुर्ची येते. मी बरीच वर्षे ‘भेटेन’ शिकवत होते. आता ‘आज रात्री तुम्हाला बघेनच’ असे करते, कारण आपण बोलताना ‘उद्या बघू या’ म्हणजे भेटू या असेही म्हणतो आणि दोन्ही अर्थ थोडेफार उरतात.

एक व्यावहारिक सूचना करते. या दोघींची पत्रे १९५३ मध्ये सिमोन आंद्रे-मोरवा यांनी संपादित करून गालिमार या प्रकाशनसंस्थेतर्फे प्रसिद्ध केली. सँडचा समग्र पत्रव्यवहार मात्र जॉर्ज ल्युबँ यांनी १९६४ पासून १९९१ पर्यंत पंचवीस खंडांत संपादित केला. तुमच्या मैत्रिणीने तारखा आणि पाठ या दुसऱ्या आवृत्तीवरून पडताळून घ्यावेत.

रंगपटातला माणूस

पत्रांचा आणि भाषेचा अधिकार माझा नाही. मी चाळीस वर्षे दादर, गिरगाव आणि पार्ल्याच्या नाट्यगृहांत आधी काम केले आणि नंतर प्रकाशयोजना सांभाळली, तेव्हा त्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

वरच्या शिक्षिकाबाईंनी सुचवलेला ‘सांभाळून घ्याल का’ हा शब्द वाचून मी थांबलोच. आमच्याकडे नवा नट पहिल्या प्रयोगाला विंगेत उभा असताना समोरच्या अनुभवी नटाला वाकून नमस्कार करतो आणि हेच तीन शब्द म्हणतो : ‘जरा सांभाळून घ्या.’ म्हणजे मी वाक्य विसरलो तर पुढचे वाक्य द्या, माझी जागा चुकली तर मला हळूच वळवा. पत्र लिहिणारी लेखिका आहे आणि वाचणारी नटी आहे हे लक्षात घेतले तर याहून योग्य शब्द मला सुचत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे या मैत्रीकडे निव्वळ मनाच्या बाजूने पाहू नका, कामाच्या बाजूनेही पाहा. सँड पॅरिसला आली तेव्हा तिच्याकडे पैसे बेताचे होते. नाटकगृहात स्वस्त जागा म्हणजे पिट, आणि पिटात स्त्रियांनी बसायची पद्धत नव्हती. म्हणून तिने जाड राखाडी कापडाचा पुरुषी लांब कोट, पँट आणि वेस्टकोट शिवून घेतला, टाचांना लोखंडी नाल ठोकलेले बूट घातले आणि ती पिटात जाऊन बसू लागली. लोक तिच्या पुरुषी पोशाखाची चर्चा दोनशे वर्षे करत आहेत, पण त्या पोशाखाचे एक मोठे कारण नाटक बघणे हे होते, हे तुमच्या श्रोत्यांना जरूर सांगा. ज्या प्रेक्षकाने इतका खटाटोप करून तिकीट काढले, त्याचे पत्र नटीला निराळेच वाटणार.

आणि ती नटी काय करत होती? १८२७ मध्ये फ्रेदेरिक लमेत्र या नटाबरोबर एका जुगाऱ्याच्या आयुष्यावरच्या मेलोड्रामात तिने पॅरिसला रडवले. १८३१ मध्ये अलेक्झांडर द्यूमाच्या ‘आंतोनी’ या नाटकात बोकाज या नटाबरोबर उभी राहिली. १८३५ मध्ये तिला कोमेदी-फ्रांसेज या फ्रान्सच्या मानाच्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेत व्हिन्यीच्या ‘चॅटर्टन’ नाटकामध्ये किटी बेलची भूमिका मिळाली. त्या घरंदाज संस्थेत मेलोड्रामातून आलेल्या नटीकडे कसे पाहिले गेले असेल, याची कल्पना मराठी रंगभूमीवर तमाशातून किंवा लोकनाट्यातून आलेल्या कोणालाही करता येईल. शेवटच्या अंकात किटी बेल जिन्याच्या वरच्या टोकाला येते, चॅटर्टन मरतो आहे हे पाहते आणि जिन्यावरून कोसळत खाली येते. ते पडणे तिने तालमीत सहकाऱ्यांना दाखवलेच नव्हते, थेट पहिल्या प्रयोगाला केले. मी जिने लावलेले आहेत. प्रयोगाच्या जिन्याला कठडा हलका असतो, पायऱ्या पोकळ असतात, आणि नटाने वरून पडायचे ठरवले तर कुठल्या पायरीवर खांदा टेकवायचा ते त्याला एकट्याने, रिकाम्या नाट्यगृहात, पुन्हा पुन्हा पडून ठरवावे लागते. अशा बाईला तुम्ही पत्रातून फक्त ‘सुंदर’ म्हणालात तर ते कमीच पडेल. सँड तिला ‘थोर’ असेही म्हणते, तो शब्द गाळू नका.

माहीमकर

चर्चा फार चांगली चालली आहे, पण मूळ लेखिकेच्या दुसऱ्या प्रश्नाला दोघांनीही बगल दिली आहे असे मला वाटते. व्हिन्यीचा शेरा वाचायलाच हवा. आपल्याकडे दोन स्त्रियांमधल्या उत्कट पत्रांना ‘मैत्री’ हा एक सोयीचा शब्द लावून मोकळे होण्याची सवय आहे. ती सवय श्रोत्यांना सोडवायची असेल तर आपण आधी सोडायला हवी. तुमच्यामुळे माझे हृदय पुन्हा तरुण, अगदी नवे झाले आहे, आणि हे स्वप्न असेल तर मला इतक्यात जागे करू नका, असे जी स्त्री लिहिते तिच्या शब्दांना आपण आपल्या भित्रेपणापायी पाणी घालू नये. ‘मैत्रीण’ऐवजी ‘सखी’ किंवा ‘जिवलग’ म्हणा, किंवा काहीच म्हणू नका आणि फक्त नाव घ्या.

पार्ल्याची शिक्षिका

माहीमकर, पाणी घालू नये हे मला शंभर टक्के मान्य आहे आणि बगल दिली हेही मान्य आहे, म्हणून आता स्पष्ट लिहिते. शेरा वाचावा, पण तो कोणाच्या तोंडून येतो हे श्रोत्यांना कळले पाहिजे. तो दोर्व्हालवर स्वामित्व सांगणाऱ्या, मत्सराने पोळलेल्या पुरुषाचा आवाज आहे. त्यातून व्हिन्यीबद्दल खात्रीने कळते. सँड आणि दोर्व्हाल यांच्याबद्दल कळतेच असे नाही. तुमच्या सहा जणींपैकी पाच जणी पत्रे वाचणार असतील तर सहावीने बाजूला उभे राहून तेवढे एकच वाक्य वाचावे आणि पुन्हा कधीही बोलू नये. हा माझा आग्रह आहे.

दुसरे असे की, त्या पिढीच्या फ्रेंच पत्रांचा स्वरच चढा असतो. पुरुष पुरुषांना, बहिणी बहिणींना ज्या शब्दांत लिहितात ते वाचून आज आपण चकित होतो. म्हणून केवळ शब्दांच्या उष्णतेवरून कोणताही निकाल देता येत नाही, ‘फक्त मैत्री’ असाही नाही आणि ‘नक्कीच प्रेम’ असाही नाही. व्हिन्यीने मनाई केली, आणि तरीही पुढची सोळा वर्षे या दोघी एकमेकींच्या राहिल्या. माझ्या दृष्टीने त्या नात्याविषयी सर्वांत भरवशाची माहिती हीच आहे, आणि म्हणून तुमचा तिसरा प्रश्न दुसऱ्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

टपालवाला

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो आहे. बोरीबंदरजवळच्या मोठ्या टपाल कचेरीत माझ्या नोकरीचा बराच काळ गेला. साहित्यातले मला फारसे कळत नाही, परंतु तुम्ही पत्रे वाचणार असाल तर ती पत्रे कशी जात होती हेही सांगावे, असे वाटले म्हणून लिहितो.

फ्रान्समध्ये टपाल तिकीट १ जानेवारी १८४९ रोजी सुरू झाले. साध्या पत्राला देशभर वीस सांतीम (शंभर सांतीमचा एक फ्रँक) असा एकच दर लागू झाला. त्याआधी दर अंतरावर आणि वजनावर ठरत असे, आणि पैसे सहसा पत्र घेणारा देत असे. आमच्या पिढीतल्या मराठी माणसाला ‘नॉटपेड’ पत्र ठाऊक आहे. पोस्टमन दारात उभा राहतो, दंडाचे पैसे मागतो, आणि घरातले एकमेकांकडे पाहतात की सोडवायचे की परत पाठवायचे. सँड आणि दोर्व्हाल यांच्या मैत्रीच्या जवळजवळ सगळ्या काळात बहुतेक पत्रे अशीच, घेणाऱ्याच्या खर्चाने जात होती. सँडचे नोआँ हे गाव पॅरिसपासून सुमारे तीनशे किलोमीटरवर, म्हणजे तिथून येणारे लांबलचक पत्र स्वस्त नव्हते. दोर्व्हाल तर गावोगावचे दौरे करणारी, पैशाची कायम ओढाताण असलेली. तिने मैत्रिणीचे पाकीट सोडवून घेतले याचा अर्थ त्या दिवशी तिने दुसरा काहीतरी खर्च मागे टाकला असणार.

आपल्याकडे सबंध हिंदुस्थानासाठी तिकिटे आली ती १८५४ मध्ये. तिकीट आले आणि लिहिणाऱ्याने पैसे द्यायचे ठरले तेव्हा पत्रे लिहिण्याची रीतच बदलली. लोक आखूड आणि वारंवार लिहू लागले. दोर्व्हालला या सोयीचा लाभ जेमतेम साडेचार महिने मिळाला. ती त्याच वर्षी २० मे रोजी गेली.

गिरगावची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आम्ही सहाही जणी बसलो आणि तुमचे सगळे म्हणणे मोठ्याने वाचून काढले. टपालवाले काका, तुमचे उत्तर वाचून झाल्यावर काही वेळ कोणी बोललेच नाही, कारण आमच्यातल्या एकीच्या आईने लग्नानंतर माहेरून आलेले नॉटपेड पत्र पैसे नव्हते म्हणून परत पाठवले होते, आणि ती गोष्ट त्या माउलीने शेवटपर्यंत मनातून काढली नव्हती.

‘तुम्ही’ ठेवायचे ठरले. ‘ताई’ गेले. व्हिन्यीचा शेरा सहावी वाचणार, एकदाच. माहीमकर, आम्ही कुठेही ‘मैत्रीण’ म्हणणार नाही आणि ‘सखी’ही म्हणणार नाही; फक्त ‘मारी’ आणि ‘जॉर्ज’.

सोळा वर्षांचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. आम्ही १८४० चा ‘कोसिमा’चा प्रसंग घ्यायचे ठरवले आहे. सँडचे ते रंगमंचावर आलेले पहिले नाटक, आणि त्यातली मुख्य भूमिका दोर्व्हालनेच करावी असा तिचा हट्ट होता. २९ एप्रिलला कोमेदी-फ्रांसेजमध्ये पहिला प्रयोग झाला आणि प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या. सात प्रयोगांत नाटक उतरले. सात वर्षांपूर्वी ‘सांभाळून घ्याल का’ असे विचारणाऱ्या लेखिकेचे नाटक ती नटी शिट्ट्यांमध्ये उभी राहून सांभाळत होती, हे आम्हाला वेगळे सांगावे लागणार नाही असे वाटते. पण त्यानंतरच्या नऊ वर्षांसाठी आमच्याकडे फारसे काही नाही आणि वेळही पंधरा मिनिटेच उरतो.

रंगपटातला माणूस

मग शेवटचे वर्ष घ्या आणि मधले सोडून द्या. नाटकात आपण तेच करतो. पडदा पडतो, उघडतो, आणि नटीचे केस पांढरे झालेले असतात.

१८४८ मध्ये दोर्व्हालचा लहान नातू जॉर्ज वारला. ती त्या दुःखातून वर आलीच नाही. मोंपार्नासच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यापाशी जाऊन बसत असे. नोकरीसाठी तिने कोमेदी-फ्रांसेजकडे शब्द टाकला, पण तिला जागा मिळाली नाही. मग १८४९ च्या वसंतात, अंगात ताकद नसताना, ती कां या गावी काम करायला निघाली, तिथे आजारी पडली, आणि जावई रने ल्यूगे तिला पॅरिसला परत घेऊन आला. एकेकाळी सगळे शहर जिच्यासाठी रांगा लावत असे तिला एक्कावन्नाव्या वर्षी पोटासाठी दौऱ्यावर जावे लागते, हे मला नवीन नाही. मी अशा नट-नट्या पाहिल्या आहेत, त्यांच्यासाठी वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन फिरलो आहे. सार्वजनिक खड्ड्यात पुरू नका एवढीच तिची विनवणी होती. द्यूमाने पैसे जमवले आणि तिला नातवाजवळ जागा मिळाली.

पार्ल्याची शिक्षिका

यात सँडचा भाग जोडते, कारण तुमचा शेवट मला तिथे दिसतो.

दोर्व्हालच्या शेवटच्या दिवसांची हकीकत ल्यूगेने सँडला एका लांब पत्रात लिहिली. सँडने ते पत्र जपून ठेवले आणि आपल्या आत्मचरित्रात त्यातला मजकूर छापला. ते आत्मचरित्र १८५४ च्या ऑक्टोबरपासून ‘ला प्रेस’ या वर्तमानपत्रात क्रमशः येत होते, म्हणजे हजारो वाचकांनी वर्तमानपत्रात ते वाचले. त्याच सुमारास, १८५५ मध्ये, द्यूमाने दोर्व्हालच्या शेवटच्या वर्षावर एक छोटे पुस्तक काढले. ते त्याने जॉर्ज सँडला उद्देशून लिहिले होते, किंमत पन्नास सांतीम होती आणि ती रक्कम तिच्या थडग्यासाठी होती. तसे मुखपृष्ठावरच छापले होते. ल्यूगेच्या कुटुंबाशी सँडने संबंध कधी तोडला नाही. दोर्व्हालची नातवंडे सुट्टीत नोआँला राहायला येत.

आणखी एक तारीख मी जरूर सांगेन. १८४९ च्या २३ नोव्हेंबरला ओदेऑं नाटकगृहात सँडचे ‘फ्रांस्वा ल शांपी’ रंगमंचावर आले आणि खूप चालले. ओदेऑंचा प्रमुख त्या वेळी बोकाज होता, म्हणजे ‘आंतोनी’मध्ये दोर्व्हालसमोर उभा राहिलेला तोच नट. दोर्व्हालला जाऊन तेव्हा सहा महिने आणि तीन दिवस झाले होते. त्यावर काहीही भाष्य करू नका, फक्त तारखा वाचा.

म्हणून माझी सूचना अशी : पहिले पत्र सँडचे दोर्व्हालला, शेवटचे पत्र ल्यूगेचे सँडला. मधे व्हिन्यीचे एक वाक्य आणि ‘कोसिमा’. बाकी सगळे गळाले तरी चालेल.

माहीमकर

हे उत्तम आहे. ल्यूगेचे पत्र वाचताना कृपया रडक्या आवाजात वाचू नका. आपल्याकडे अभिवाचनात मृत्यू आला की आवाज हमखास ओला होतो आणि मजकूर त्यात बुडतो.

गिरगावची वाचक

ठरले. ल्यूगेचे पत्र आमच्यातली सर्वांत कोरडी वाचणारी वाचेल. तिने तीस वर्षे न्यायालयात निकालपत्रे टंकलिखित केली आहेत. मैत्रिणीने ल्युबँच्या आवृत्तीवरून तारखा पडताळायला घेतल्या आहेत. वाचन चिराबाजारातल्या एका चाळीतल्या घरात, दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली भाजीवाले ओरडत असतात, म्हणून खिडक्या लावून घेऊ आणि पंखे चालू ठेवू. पहिले पत्र मी वाचणार आहे. ‘बघेनच’ या शब्दावर थांबायचे की तो सहज म्हणून पुढे जायचे, ते अजून जमलेले नाही. आज रात्री पुन्हा एकदा मोठ्याने वाचून पाहते.